चौदा गाद्यांवरचा कर

४ जुलै

टिटवे,

फोनवर तू नुसतं ‘हो आत्या, हो आत्या’ करतेस आणि मागे तुझ्या खोलीतल्या मुली खिदळत असतात, म्हणून लिहायला बसले. ऑफिसचाच कागद आहे. साहेब समोरून दोनदा गेले, पण आमचा हा लोकांचे कर भरून द्यायचा हंगामच असा आहे की मी टेबलावर डोकं ठेवून झोपले तरी ते चष्मा पुसत पुढे जातील. रात्र थोडी सोंगं फार, अशी गत. जो तो वर्षभराच्या कागदांच्या पिशव्या एकदम घेऊन येतो आणि म्हणतो, बाई, एवढं आजच्या आज करून द्या.

तर काल अशीच एक पिशवी तुझ्या बापाकडून आली. आत त्या गादीच्या कंपनीचं वर्षाचं पत्रक. तुझ्या नावाचं. जाहिरातीपोटी तुला काय काय दिलं ते सगळं त्यात लिहिलं आहे. दादाने सोबत चिठ्ठी लिहिली आहे, ‘बघ, पोरीचं नाव कसं सुरेख छापलंय. फ्रेम करून लावू का?’

टिटवे, ते फ्रेम करायचं नसतं. त्याची एक प्रत सरकारकडे गेलेली असते.

पत्रकात रोख रक्कम आहे, ती मला ठाऊक होती. पण तिच्याखाली ‘गाद्या, नग चौदा’ असं लिहून पुढे जी किंमत टाकली आहे ती वाचून मी पाणी प्यायले. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘अगं, मीच सांगितलं त्यांना, अर्धे पैसे द्या आणि अर्ध्याच्या गाद्या द्या. पैशावर कर लागतो, गादीवर कुठे लागतो?’ आणि हसला. सरकारला चकवल्याचा आनंद होता त्याच्या आवाजात.

गादीवरही लागतो. तू अंगावर गादी घेऊन फोटो काढलास, त्याचा मोबदला म्हणून जे मिळालं ते सगळं उत्पन्न. पैसे असोत, बूट असोत, गाद्या असोत. त्यातली एक माझ्याकडे आहे, मी रोज तिच्यावर झोपते. कालपासून झोप लागत नाही.

मला दोन गोष्टी कळव. रोख पैशातले किती बाजूला ठेवले आहेस? आणि आणखी कोणत्या कंपनीचं काही घेतलं आहेस का? मुदत ऑगस्टअखेरीची आहे. घाबरू नकोस, पण टाळूही नकोस.

आत्या


११ जुलै

आत्या,

तुझं पत्र ऑफिसच्या कागदावर बघून वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला वाटलं मला कोर्टाचं काही आलंय. आता तो माझ्याकडे फार आदराने बघतो.

बाजूला काही ठेवलेलं नाही. पैसे माझ्याकडे आलेच नाहीत ना! कंपनीने थेट बाबांच्या खात्यावर टाकले. बाबा म्हणाले होते, तुला कशाला व्याप, मी बघतो. त्यांनी त्यातून ती जुनी व्हॅन घेतली, शर्यतींना सगळ्यांना एकत्र जाता यावं म्हणून. म्हणजे उत्पन्न त्यांचं झालं, हो ना? माझ्या हातात तर एक छदामही नाही. कॉलेजात फी माफ आहे, जेवण खानावळीत होतं, बूट संघाकडून मिळतात.

आणि गाद्या तर आपण वाटून टाकल्या. डॉक्टरांना एक, शाळेतल्या खेळाच्या सरांना एक, शेजारच्या काकूंना एक, बाबांच्या बस डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत तीन, बाकीच्या नातेवाइकांत. प्रत्येक गादीबरोबर बाबांनी माझी सही केलेला फोटो दिला. माझ्या स्वतःकडे एकही नाही. इथली वसतिगृहाची आहे ती पापडासारखी पातळ आहे. जे माझ्याकडे नाहीच त्यावर मी कर कसा भरू?

दुसऱ्या कंपनीचं काही नाही. पण एक एजंट भेटला आहे. तो आणखी दोन मुलींचं काम बघतो. कराचं ऐकून तो म्हणाला, ‘एवढंच ना, मी भरून टाकतो, आपण करार करू.’ म्हणजे काळजीचं काही नाही. तू नीट झोप.

सराव जोरात चालू आहे. दमायला होतं. बाकी ठीक.

तुझी टिटवी


१५ जुलै

टिटवे,

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझ्या भावाने अंथरुणंच चौदा घेतली आणि पाय पसरायला गाव गोळा केलं.

आता नीट वाच. करार तुझ्या नावाचा, फोटो तुझा, पळणारी तू. पैसे कुणाच्याही खात्यावर टाकले तरी ते तुझं उत्पन्न. तू ते बापाला दिलेस, गाद्या वाटल्यास, समुद्रात टाकल्यास, तरी आधी ते तुझे झाले आणि मग गेले. कॉलेजातली पोर असलीस तरी सरकारच्या लेखी तू आता धंदा करणारी बाई आहेस. नोकरदार माणसाचा कर पगारातूनच कापला जातो, म्हणून त्याला कळतही नाही. तुझा कुणी कापला नाही. तो तुझा तूच कापून ठेवायचा असतो, पैसे आले त्याच दिवशी. हे तुला कंपनीने सांगितलं नाही, कॉलेजने सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण मला वाटलं दादाने विचारलंच असेल कुणाला तरी. दादा बस वेळेवर नेणारा माणूस. कागद त्याने आयुष्यात वेळेवर नेलेला नाही.

मी आकडेमोड केली आहे. गाद्यांची किंमत कंपनीने दुकानातल्या भावाने धरली आहे, म्हणून कर भरपूर येतो. दोन वर्षं बाबांचा निम्मा पगार धरलास तर अंदाज येईल.

त्या एजंटाच्या कराराची प्रत मला ताबडतोब पाठव. सही करू नकोस. दुसऱ्याचा कर कुणी पुण्य म्हणून भरत नाही.

दमायला होतं म्हणतेस. तुझं वय काय, माझं काय? सकाळी पळायचं, दुपारी वर्गात डुलक्या काढायच्या, एवढंच ना काम? आम्ही इथे उभ्या उभ्या वाळतोय. जरा कागदांकडे लक्ष दे, म्हणजे दमणं म्हणजे काय ते कळेल.

दादाशी मी बोलते.

आत्या


२२ जुलै

धाकटीस,

तू रविवारी घरी येऊन माझ्या बायकोसमोर जे बोललीस ते मला लागलं आहे. मी फोनवर भांडत नाही, म्हणून लिहितो.

मी पोरीचे पैसे खाल्ले नाहीत. व्हॅन घेतली ती तिच्यासाठीच. बसमधून उभ्याने जाऊन कुणी शर्यत जिंकतं का? पहाटेची पाळी करून मी तिला मैदानावर नेत होतो तेव्हा तू कुठे होतीस? तिची पहिली वेळ मी मोजली, आजही दर आठवड्याची वेळ मी वहीत लिहितो. गेल्या रविवारी तिने सांगितलेली वेळ तर आतापर्यंतची सगळ्यात चांगली आहे. ती पुढच्या वर्षी कुठल्या कुठे जाणार आहे, आणि तू तिला हिशेब मागायला शिकवतेस, तोही बापाकडे.

गाद्यांचं मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. डेपोतही सगळे म्हणाले होते की वस्तूवर कर नसतो.

डेपोतल्या तीन गाद्या परत मागायला गेलो होतो. एकीवर नवा वाहक झोपला होता. त्याला उठवून काय सांगायचं? तसाच आलो. वापरलेली गादी विकतही कुणी घेत नाही, चौकशी केली मी.

व्हॅन विकायला काढू का ते सांग. तिला कळवू नकोस, शर्यती तोंडावर आहेत. तिने फक्त पळावं.

दादा


२४ जुलै

टिटवे,

कराराची प्रत मिळाली. जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतली आणि डबा तसाच राहिला.

एजंट तुझा यंदाचा कर भरणार. त्याबदल्यात तू तिशीची होईपर्यंत तुझ्या प्रत्येक कमाईचा चौथा हिस्सा त्याचा. तू वीस वर्षांची आहेस. म्हणजे एका वर्षाच्या कराच्या बदल्यात तुझी दहा वर्षं. बरं, हे पहिल्या पानावर आहे, तुलाही दिसलं असेल. पाचव्या पानावर काय आहे ते पाहिलंस का? तू कोणत्याही कारणाने पळणं थांबवलंस, तर त्याने भरलेली सगळी रक्कम व्याजासकट परत द्यायची. आणि सहाव्या पानावर तू सही करून सांगायचं आहे की तुला कसलीही दुखापत नाही.

हे आगीतून फुफाट्यात जाणं आहे. तू त्याला नाही म्हण. बाकीचं बसून सोडवू. मी रविवारी दादाकडे जाऊन जरा जास्तच बोलून आले, तो आता माझा फोन उचलत नाही. वहिनी उचलते आणि ‘ते अंघोळीला गेलेत’ म्हणते. चार दिवस एक माणूस अंघोळ करतोय.

तुझं उत्तर लवकर येऊ दे.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. चार वेळा लिहून फाडलं.

शुक्रवारी सही करायला एजंट इथे येणार आहे. मी त्याला हो म्हटलं आहे. पाचवं पान मी वाचलं होतं, सहावंही. तुझ्याआधी वाचलं होतं.

माझ्या डाव्या पायाच्या नडगीच्या हाडाला तडा गेला आहे. एप्रिलपासून. बारीकच आहे, पण मी पळत राहिले म्हणून वाढला. संघाच्या डॉक्टरांनी मे महिन्यात पळणं बंद केलं. हिवाळ्यापर्यंत तरी नाही, पुढचं तेव्हा बघू, असं म्हणतात. ‘पुढचं’ म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत. मी रोज मैदानावर जाते, कडेला बसते आणि दुसऱ्यांच्या वेळा लिहून घेते. तेवढ्यानेच दमायला होतं, आत्या. खरंच होतं. काहीच न करता मी इतकी कधी दमले नव्हते.

गादीच्या कंपनीचा करार जूनमध्ये संपला. नवा करायच्या आधी ते वेळा मागतील. म्हणजे पुढे काही येणार नाही.

बाबांना माहीत नाही. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘या आठवड्याची चांगली वेळ किती?’ मी सांगते. मार्चमधली जुनी वेळ घेते आणि दर आठवड्याला त्यातून थोडीशी कमी करते. फार कमी केली तर त्यांना संशय येईल, तीच ठेवली तर काळजी वाटेल. गेल्या रविवारी ते इतके खूश झाले की आईला हाक मारून सांगितलं. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले.

एजंटालाही माहीत नाही. त्याला कळायच्या आत सही झाली तर कर तरी भरला जाईल. नंतर तो व्याजासकट मागेल ते नंतर. दगडापेक्षा वीट मऊ. निदान बाबांची व्हॅन जाणार नाही, आणि हे सगळं त्यांना यंदा तरी कळणार नाही. तू सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे.

टिटवी


४ ऑगस्ट

टिटवे,

मी तुला वर्गात डुलक्या काढतेस म्हणून बोलले होते. ते पत्र फाडून टाक. माझं चुकलं. तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि नंतर साहेबांना सांगितलं की डोळ्यांत काहीतरी गेलं. ते म्हणाले, जुन्या फायलींची धूळ फार वाईट.

हे पत्र मी ऑफिसच्या मुलाच्या हाती पाठवते आहे, शुक्रवारच्या आत तुला मिळावं म्हणून.

सही करू नकोस. दुखापत नाही असं लिहून दिलंस आणि नंतर पायाचं बाहेर आलं, तर तो नुसते पैसे मागणार नाही, फसवणूक म्हणेल. आज तू फक्त कराची देणेकरी आहेस. ती काही लाजेची गोष्ट नाही, आमच्याकडे रोज वीस येतात, त्यात दोन तर डॉक्टर असतात. सही केलीस तर खोटं बोलणारी ठरशील, आणि तीही अशा माणसासमोर ज्याचा धंदाच त्यावर चालतो.

दुसरी वाट आहे. कर हप्त्याने भरता येतो. रिटर्न मी तयार करते, खरं खरं, गाद्यांसकट. सरावाचे आणि प्रवासाचे जे खर्च धरता येतात ते मी धरले आहेत, थोडा कर उतरला आहे. पण हप्ते मागायला ज्याचा कर त्यानेच कार्यालयात जाऊन बसावं लागतं. मला येता येणार नाही, आमच्याकडे या दिवसांत कुणी सुट्टी मागितली तर साहेबांचा चेहरा पडतो आणि तो महिनाभर वर येत नाही. माझ्याकडे फार नाही, पण पहिल्या हप्त्याला पुरेल एवढं आहे. ते मी तुझ्या खात्यावर पाठवते. तुझ्या, दादाच्या नाही.

दादाला मी पायाचं सांगितलेलं नाही. शपथ घातलीस ना. पण कार्यालयात तो तुझ्याबरोबर येणार आहे. खातं त्याचं, पैसे त्याच्याकडे आले, कागद त्याच्याकडे आहेत. तो नाही आला तर ते परत पाठवतील. मी वहिनीला सांगितलं, वहिनीने अंघोळीच्या खोलीचं दार वाजवलं, आणि तो हो म्हणाला.

त्याला कधी आणि कसं सांगायचं ते तुझं तू ठरव. पण टिटवे, तू त्याला दर आठवड्याला वेळ कमी करून सांगत राहिलीस तर एक दिवस तो जगातल्या सगळ्यात वेगवान पोरीचा बाप होईल, आणि पोर मैदानाच्या कडेला बसलेली असेल.

आत्या


१९ ऑगस्ट

आत्या,

सही केली नाही. एजंट आला होता, वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसला, चांगलं पेन काढून ठेवलं. मी म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा. तो म्हणाला, वेळ घे, तीस तारखेपर्यंत. तेव्हा तुझी गरज अजून वाढलेली असेल. हे तो हसून म्हणाला.

काल बाबांबरोबर कर कार्यालयात गेले. बाबा व्हॅन घेऊन सकाळीच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, फाइलवर माझा तो गादीचा फोटो चिकटवलेला. मी म्हटलं, बाबा, हा काढा. ते म्हणाले, असू दे, साहेबांना ओळख पटेल.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद. मी जिना चढताना मागे राहिले. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणायचे, ‘काय गं, आठशे मीटरवाली!’ मी मोबाइल बघत असल्यासारखं केलं.

आत साहेब नाहीत, एक मॅडम होत्या. सर्दी झालेली, टेबलावर रुमालांचा ढीग. समोर खुर्ची एकच. बाबा पटकन बसले आणि फाइल उघडून सांगायला लागले, पोरगी कोण, कुठे कुठे पळाली. मॅडम ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. तू तयार केलेला रिटर्न मात्र त्यांनी नीट वाचला. गाद्यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे खूप जण लिहीतच नाहीत. लिहिलंत ते बरं केलंत.’ बाबांनी मान खाली घातली.

मग हप्त्यांचा फॉर्म काढला. नाव, पत्ता, यंदाचं देणं. आणि मग त्यांनी विचारलं, ‘पुढच्या वर्षी उत्पन्न किती अपेक्षित आहे? त्यावरून हप्ता ठरतो.’

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, ‘दुप्पट धरा मॅडम! गेल्या रविवारचीच वेळ सांगतो.’ आणि सांगितली. मी त्यांना दिलेली. शतांशासकट.

मॅडमनी लिहायला पेन टेकवलं. आत्या, मला वाटलं लिहू दे. हप्ते मोठे होतील, मी कसेबसे भरीन, नाही जमलं तर एजंट आहेच तीस तारखेपर्यंत. एवढं सगळं माझ्या डोक्यात आलं. आणि पाय ठणकत होता.

मी म्हटलं, ‘शून्य लिहा.’

बाबा हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘माझ्या पायाचं हाड मोडलंय. मे महिन्यापासून मी पळलेली नाही. त्या वेळा खोट्या आहेत.’ हे मी मॅडमना सांगितलं, बाबांकडे बघून मला जमलं नसतं.

मॅडम शिंकल्या. बाबांनी फाइल मिटली, परत उघडली, परत मिटली. मला वाटलं आता ओरडतील, किंवा उठून बाहेर जातील. ते उठले. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, ‘बस.’ मी म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, ‘बस म्हणतो ना.’ मी बसले. ते मागे उभे राहिले. पुढच्या सगळ्या प्रश्नांना मी उत्तरं दिली, त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

मॅडमनी शून्य लिहिलं. हप्ता लहान बांधून दिला, तुझ्या पैशांतून पहिला तिथेच भरला. पावती माझ्या नावाची आहे. एजंटाला मी जिन्यातूनच नाही म्हणून कळवलं. कठडा धरून धरून उतरत होते, आणि बाबा एक पायरी पुढे, उलटे, माझ्याकडे तोंड करून उतरत होते.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी किल्ली लावली नाही. मला माहीत होतं ते काय विचारणार. परत कधी पळता येईल, किती वेळ लागेल, हिवाळ्यापर्यंत का. मी उत्तरं जुळवत होते.

त्यांनी विचारलं, ‘दुखतं का गं?’

आत्या, लहान असल्यापासून मी त्यांच्यासमोर पळते आहे. हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हटलं.

टिटवी